दोन वाक्यं हू-व्हिच-दॅटने जोडताना मुलांचा 'तो' सुटत नाही

फळा_आणि_खडू, फोंडा

आठवीला 'रिलेटिव्ह प्रोनाउन वापरून दोन वाक्यांचं एक वाक्य करा' हा भाग घ्यायचा आहे. मुलं चौथीपर्यंत मराठी शाळेतली, पाचवीपासून इंग्रजी माध्यम, घरात कोकणी. माणसाला हू, वस्तूला व्हिच, 'ज्याचा' म्हणजे हूज, हे सगळ्यांना तोंडपाठ आहे. तरी वह्यांत येतं ते असं. इंग्रजी वाक्यं देवनागरीतच टाकतोय, मोबाइलवर दर ओळीला कीबोर्ड बदलायचा कंटाळा येतो.

'द मॅन हू केम यस्टरडे, ही इज माय अंकल.'
'द बुक व्हिच आय बॉट इट इज टॉर्न.'
'द बॉय बाय हूम रोट द लेटर इज ॲब्सेंट.' हे मराठीतून इंग्रजी करताना.
'आय बॉट अ फिश फ्रॉम अ वूमन व्हिच वॉज फ्रेश.'
'द टेम्पल व्हेअर वी व्हिजिटेड इज इन प्रियोळ.'

नियम पुन्हा सांगून काही फरक पडत नाही. या चुका येतात कुठून आणि शिकवण्याचा क्रम कसा ठेवावा? स्वल्पविरामाचं काय करायचं? हूम अजून शिकवायचा की सोडून द्यायचा?

कुळागर

पहिली चूक इंग्रजी कच्चं असल्यामुळे होत नाही, मराठी पक्कं असल्यामुळे होते. 'जो माणूस काल आला, तो माझा काका.' आपल्याकडे 'जो' आला की मागून 'तो' यायलाच हवा, नाहीतर वाक्य लंगडं वाटतं. कोकणीतही तेच. मुलं 'जो'चा हू करतात आणि 'तो'चा ही करतात, म्हणजे त्यांच्या परीने अगदी प्रामाणिक भाषांतर करतात. इंग्रजीत या 'तो'ला जागाच नाही. 'द मॅन' हाच कर्ता, 'इज' हेच त्याचं क्रियापद. मधला 'हू केम यस्टरडे' हा नुसता विशेषणासारखा चिकटलेला तुकडा.

म्हणून 'जो-तो'पासून सुरुवात करू नका. मराठीत दुसरी वाट आहे, ती इंग्रजीच्या जास्त जवळची: 'काल आलेला माणूस माझा काका आहे.' यात 'तो' नाहीच. 'आलेला', 'येणारा', 'राहत असलेला' या रूपांतून मुलांना आधी कळू द्या की हा सगळा तुकडा मिळून एका नामाचं विशेषण आहे. कोकणीतला 'आयिल्लो मनीस' त्यांच्या कानावर रोज असतोच. मग एवढंच सांगायचं की आपण हे विशेषण नामाच्या आधी ठेवतो, इंग्रज नामाच्या लगेच नंतर ठेवतो. 'मासे विकणारी बाई' म्हणजे 'द वूमन हू सेल्स फिश'. असे दहा शब्दसमूह तोंडी उलटवून घ्या, पूर्ण वाक्य करायचंच नाही. 'चोडणला जाणारी फेरीबोट', 'छप्पर गळणारं घर', 'आम्हाला पाव आणून देणारा पदेर', 'मी काल वाचलेलं पुस्तक'. हे जमलं की वाक्य जोडणं म्हणजे हा शब्दसमूह उचलून वाक्यात नामाच्या जागी बसवणं, एवढंच काम उरतं.

यातलं 'मी वाचलेलं पुस्तक' मुद्दाम घातलंय. 'विकणारी बाई'मध्ये बाई स्वतः विकते. 'वाचलेलं पुस्तक'मध्ये वाचणारा मी. मुलं इथे अडखळतात, आणि अडखळली तर बरंच, हूमचा धडा तिथूनच सुरू होतो.

रायबंदर_धक्का

कुळागर यांचं पटलं, पण पहिली आणि दुसरी चूक एकाच टोपलीत जायला नको. पहिल्या वाक्यातला जादा 'ही' मुख्य वाक्यात आहे, तो 'तो'मुळे आला. दुसऱ्या वाक्यातला जादा 'इट' गौण वाक्यात आहे आणि त्याचा मराठीशी काही संबंध नाही. 'मी जे पुस्तक ते विकत घेतलं' असं मराठीत कोण म्हणतं? तो 'इट' मूळच्या दुसऱ्या वाक्यातून आलेला आहे: 'आय बॉट इट.' मुलाने व्हिच पुढे आणला, पण ज्याच्या बदली तो आणला त्याला बाहेर काढायला विसरला.

यावर उपाय हाताने करायचा. वहीच्या पाठकोऱ्या कागदाच्या दोन पट्ट्या, प्रत्येकीवर एक वाक्य, शब्दांमध्ये बोटभर जागा सोडून.

पहिली पट्टी: 'द बुक इज टॉर्न.' दुसरी: 'आय बॉट इट.'

आधी दोन्हींत एकाच गोष्टीबद्दल बोलणारे शब्द शोधून त्यांना गोल करायचा. इथे 'द बुक' आणि 'इट'. मग दुसऱ्या पट्टीतला 'इट' कात्रीने कापून टेबलाखाली टाकायचा. मुलांना ही टाकाटाकी आवडते आणि नेमकी तीच डोक्यात राहते. 'इट' होता तिथे आता भोक पडलं. व्हिच लिहिलेला तुकडा त्या भोकात न बसवता पट्टीच्या अगदी डाव्या टोकाला लावायचा: 'व्हिच आय बॉट ___'. शेवटी पहिली पट्टी 'द बुक'च्या लगेच पुढे कापायची आणि ही पट्टी मधे सरकवायची. 'द बुक व्हिच आय बॉट ___ इज टॉर्न.' भोक तसंच रिकामं राहायला हवं. मूल तिथे काही भरायला गेलं की टेबलाखाली बोट दाखवायचं.

कापलेला शब्द कर्ता असेल तर भोक डाव्या टोकालाच पडतं आणि हू आपसूक त्याच जागी बसतो. म्हणून कर्त्याची वाक्यं सोपी जातात आणि मुलांना वाटतं सगळं आलं. दोन दिवस कर्त्याची वाक्यं घेतलीत तर पुढचे चार दिवस कर्माची घ्या.

शिवाय हू की हूम की व्हिच, हे पहिल्या पट्टीतल्या नामाकडे बघून ठरवायचंच नाही. कापलेला शब्द काय होता, ते बघायचं. ही, शी, दे कापला तर हू. हिम, हर, देम कापला तर हूम. हिज, हर, देअर, इट्स हे 'चा-ची-चे' अर्थाचे कापले तर हूज, आणि इथे एकटा शब्द कापून भागत नाही, त्याचं नामही सोबत पुढे न्यावं लागतं: 'आय नो द बॉय. यू फाउंड हिज बॅग.' यातून 'आय नो द बॉय हूज बॅग यू फाउंड.' बॅग मागेच राहिली तर वाक्य मोडतं. वस्तूच्या जागचा इट किंवा देम कापला तर व्हिच. 'तिथे' अर्थाचा देअर कापला तर व्हेअर.

तुमचं देवळाचं वाक्य यानेच सुटतं. 'वी व्हिजिटेड इट' म्हणतात, 'वी व्हिजिटेड देअर' नाही. कापला जातो इट, म्हणून व्हिच: 'द टेम्पल व्हिच वी व्हिजिटेड इज इन प्रियोळ.' क्रियापद 'वेंट' असतं तर 'वी वेंट देअर' झालं असतं आणि व्हेअर बरोबर ठरला असता. देऊळ तेच, पण शब्द क्रियापदाने ठरवला. मराठीत 'जिथे भेट दिली' चालतं, म्हणून मुलांना शंकाच येत नाही.

सत्तरीची_वाट

'बाय हूम रोट द लेटर' या चुकीवर कोणी बोललं नाही, म्हणून लिहिते. ती विभक्तीची चूक आहे आणि मराठी-कोकणी मुलांत हमखास दिसते.

मराठीत भूतकाळात सकर्मक क्रियापद आलं की कर्त्याला 'ने' लागतो. 'ज्या मुलाने चिठ्ठी लिहिली.' 'ने' म्हणजे बाय, हे मुलांनी कर्मणी प्रयोग शिकताना घोकलेलं असतं. म्हणून ज्याने म्हणजे बाय हूम. पण इंग्रजीत तो सरळ कर्ता आहे, 'ही रोट', म्हणून 'हू रोट द लेटर'. 'जो लिहितो' आणि 'ज्याने लिहिलं' दोन्हींना हूच. हे एकदा फळ्यावर शेजारीशेजारी मांडून दाखवा.

'ला'चा घोळ त्याहून मोठा. 'ज्याला ताप आहे', 'ज्याला पोहता येतं', 'ज्याला हे माहीत आहे', 'ज्याला आंबा आवडतो' ही सगळी मुलं 'टू हूम' करतात. इंग्रजीत यातला प्रत्येक जण कर्ता: हू हॅज फीवर, हू कॅन स्विम, हू नोज धिस, हू लाइक्स मँगोज. 'ज्याच्याकडे तिकीट नाही' हेही 'विथ हूम' नव्हे, 'हू हॅज नो टिकेट'. खरोखरचा टू हूम मुख्यतः देण्या-सांगण्या-पाठवण्याच्या क्रियापदांपाशी येतो: 'द गर्ल टू हूम आय गेव्ह द की.' म्हणून मुलांना मराठी प्रत्ययावरून इंग्रजी शब्द शोधायला शिकवू नका. आधी साधं इंग्रजी वाक्य करू दे, 'ही हॅज फीवर', आणि मग रायबंदर यांची कात्री चालवू दे. मराठीतून थेट मिश्र वाक्यावर उडी मारली की पाय घसरतोच.

'व्हॉट'चं एक विसरू नका. 'तो जे म्हणाला, ते खरं आहे' याला 'द थिंग व्हॉट ही सेड' लिहितात. व्हॉटच्या पोटात जे आणि ते दोन्ही आहेत, त्यामुळे त्याच्या आधी नाम ठेवायचंच नाही: 'व्हॉट ही सेड इज ट्रू.' नाम ठेवायचंच असेल तर दॅट: 'द थिंग दॅट ही सेड.' जोडण्याच्या प्रश्नात नाम दिलेलंच असतं, म्हणून तिथे व्हॉट सहसा उत्तर नसतो.

तिसरी_घंटा

स्वल्पविरामाबद्दल. श्वास कुठे घेतला यावर तो ठरत नाही, माहिती काय करते यावर ठरतो.

'द फेरीबोट्स व्हिच आर ओल्ड विल बी रिपेअर्ड.' स्वल्पविराम नाही. म्हणजे ज्या जुन्या आहेत तेवढ्याच दुरुस्त होणार.
'द फेरीबोट्स, व्हिच आर ओल्ड, विल बी रिपेअर्ड.' आता सगळ्याच दुरुस्त होणार, आणि जाता जाता कळलं की त्या जुन्या आहेत.

गौण वाक्य काढून टाका. 'कुठला? कोणता?' असा प्रश्न उरला तर स्वल्पविराम नको. न उरला तर हवा, आणि दोन्ही बाजूंनी हवा. मुलं सुरुवातीचा देतात आणि शेवटचा विसरतात, तोही चूकच. विशेषनाम बहुधा आधीच ओळखलेलं असतं, म्हणून तिथे जवळपास नेहमी दोन स्वल्पविराम. सरावाला इथलीच माहिती घ्या, मुलांना ती इतिहासातून ठाऊक असते.

'पणजी, व्हिच बिकेम द कॅपिटल इन 1843, स्टँड्स ऑन द मांडवी.'
'केसरबाई केरकर, हूज व्हॉइस वेंट इंटू स्पेस ऑन व्हॉयेजर इन 1977, वॉज बॉर्न इन केरी.'
'धर्मानंद कोसंबी, हूज सन दामोदर वॉज अ मॅथेमॅटिशियन, केम फ्रॉम सांकवाळ.'

फोंड्याच्या मुलांना केरी काही लांब नाही.

स्वल्पविरामानंतर दॅट कधीच नको. 'पणजी, दॅट बिकेम…' चूक. उलट स्वल्पविराम नसेल तर व्हिच आणि दॅट दोन्ही चालतात. तिथे फक्त दॅटच बरोबर असं काही मार्गदर्शिका सांगतात, पण भारतात आपण जी ब्रिटिश धाटणी शिकवतो तिच्यात तो नियम नाही, त्यावरून मुलाचे गुण कापू नका. ऑल, एव्हरीथिंग, नथिंग, ओन्ली, द बेस्ट, द फर्स्ट यांच्यानंतर मात्र वस्तू असेल तर दॅट शिकवा: 'द ओन्ली बस दॅट स्टॉप्स हिअर.' व्हिच तिथे कानाला खटकतो.

पोर्तुगीज शिकलेल्या जुन्या मंडळींना दॅट सगळ्यात आधी जमायचा. त्यांच्याकडे माणसाला आणि वस्तूला एकच 'के' चालतो, तसाच हा दॅट.

फळा_आणि_खडू, फोंडा

कात्रीचं उद्याच करून बघतो. दोन शंका. दोन वाक्यांपैकी मुख्य कुठलं ठेवायचं? आणि माझं मासळीचं वाक्य राहिलं.

रायबंदर_धक्का

दोन्हींचं उत्तर एकच. 'द वूमन सेल्स फिश. शी कम्स फ्रॉम शिरोडा.' यातून 'द वूमन हू सेल्स फिश कम्स फ्रॉम शिरोडा' होतं आणि 'द वूमन हू कम्स फ्रॉम शिरोडा सेल्स फिश'ही होतं. व्याकरणाला दोन्ही चालतात. पहिल्यात बातमी गावाची, दुसऱ्यात धंद्याची. जी बातमी द्यायची ते मुख्य वाक्य, जे ओळखीपुरतं ते गौण. प्रश्नात एकच उत्तर हवं असेल तर पहिलं वाक्य मुख्य ठेवायची रीत आहे, पण उलटं केलेलं उत्तर चूक नाही.

आता मासळी. 'आय बॉट अ फिश फ्रॉम अ वूमन. इट वॉज फ्रेश.' गौण वाक्य आपल्या नामाला चिकटायला हवं. मुलाने ते शेवटी टाकलं, तिथे शेजारी बाई बसलेली, म्हणून बाईच ताजी झाली. 'फिश'च्या लगेच पुढे घातलं तर 'आय बॉट अ फिश व्हिच वॉज फ्रेश फ्रॉम अ वूमन' असं बोजड होतं. अशा वेळी वाक्यं उलटवायची: 'द फिश व्हिच आय बॉट फ्रॉम अ वूमन वॉज फ्रेश.' नाम वाक्याच्या मधे असेल आणि त्याच्यामागे 'फ्रॉम', 'इन', 'विथ'ची शेपटी असेल, तर उलटवून बघायचंच.

कुळागर

हूमचं राहिलं. शिकवा, पण कमी वेळात. बोलण्यात आणि साध्या लिखाणात 'द मॅन हू आय मेट' सर्रास चालतं, किंवा काहीच न घालता 'द मॅन आय मेट'. कर्म असेल तर सर्वनाम गाळता येतं, कर्ता असेल तर नाही. 'द मॅन सोल्ड मी द फिश लिव्ह्ज इन बेती' हे मोडलेलं वाक्य आहे, कारण ऐकणारा 'सोल्ड'लाच मुख्य क्रियापद धरतो आणि 'लिव्ह्ज'पाशी येऊन गोंधळतो. जोडण्याच्या प्रश्नात मात्र गाळू नका, सर्वनाम दिसावं हीच तर परीक्षा असते.

हूम सक्तीचा होतो तो त्याच्या आधी शब्दयोगी शब्द आला की. 'द फ्रेंड विथ हूम आय ट्रॅव्हल.' इथे 'विथ हू' नाही, 'विथ दॅट' तर नाहीच. तोच विथ मागे ठेवला की काहीही चालतं: 'द फ्रेंड दॅट आय ट्रॅव्हल विथ.' पण एकदाच, दोन्हीकडे नको. 'द व्हिलेज इन व्हिच ही लिव्ह्ज इन' किंवा 'व्हेअर ही लिव्ह्ज इन' ही जोडगोळी वह्यांत भरपूर सापडेल. व्हेअरच्या पोटात 'इन' आधीच आहे.

आणि हुशार मुलं जिथे फसतात ते: 'द मॅन हूम आय थिंक इज ऑनेस्ट.' चूक. 'आय थिंक' क्षणभर झाका. उरतं 'ही इज ऑनेस्ट', म्हणजे ही कापला, म्हणून हू.

सत्तरीची_वाट

अजून एक घ्या, कारण निबंधात हे रोज लागतं. 'शी हॅज थ्री सन्स, ऑल ऑफ देम वर्क इन वास्को.' दोन पूर्ण वाक्यं नुसत्या स्वल्पविरामाने बांधली आहेत, इंग्रजीत हे चालत नाही. देम कापा, हूम घाला, आणि 'ऑल ऑफ' सोबत पुढे न्या: 'शी हॅज थ्री सन्स, ऑल ऑफ हूम वर्क इन वास्को.' वस्तू असतील तर 'सम ऑफ व्हिच', 'मोस्ट ऑफ व्हिच'. एवढं जमलं तरी आठवीचा निबंध दहावीचा वाटतो.

गौण वाक्यातलं क्रियापद नामाप्रमाणे: 'द बॉय हू प्लेज', 'द बॉइज हू प्ले'. 'वन ऑफ द बॉइज हू प्ले' इथे प्ले अनेकवचनी, कारण खेळणारे पुष्कळ, त्यातला हा एक. 'वन' बघून 'प्लेज' लिहिण्याचा मोह शिक्षकांनाही होतो.

तिसरी_घंटा

उद्यासाठी सहा जोड्या देतो. उत्तरं खाली आहेत, आधी मुलांकडून होऊ द्या.

'द फेरीबोट इज लेट. इट गोज टू चोडण.'
'दॅट इज द पदेर. आय टोल्ड यू अबाउट हिम.'
'फोर्ट आग्वाद इज निअर कांदोळी. द पोर्तुगीज बिल्ट इट.'
'द हाउस बिलाँग्ज टू माय अंकल. इट्स रूफ लीक्स.'
'30 मे 1987 वॉज द डे. गोवा बिकेम अ स्टेट देन.'
'ही लॉस्ट द की. धिस डिलेड अस.'

उत्तरं. 'द फेरीबोट व्हिच गोज टू चोडण इज लेट.' 'दॅट इज द पदेर अबाउट हूम आय टोल्ड यू', किंवा अबाउट शेवटी ठेवून 'हूम आय टोल्ड यू अबाउट'. 'फोर्ट आग्वाद, व्हिच द पोर्तुगीज बिल्ट, इज निअर कांदोळी.' दोन स्वल्पविराम मोजा. 'द हाउस हूज रूफ लीक्स बिलाँग्ज टू माय अंकल.' हूज वस्तूलाही चालतो, मुलं घाबरतात. '30 मे 1987 वॉज द डे व्हेन गोवा बिकेम अ स्टेट', ऑन व्हिचही चालेल. शेवटचं मुद्दाम वेगळं आहे. 'धिस' कुठल्याही नामाबद्दल नाही, अख्ख्या पहिल्या वाक्याबद्दल आहे. म्हणून 'ही लॉस्ट द की, व्हिच डिलेड अस.' इथे स्वल्पविराम काढला तर किल्लीनेच उशीर केला असा अर्थ होतो.

फळा_आणि_खडू, फोंडा

शेवटचं मलाच दोनदा वाचावं लागलं. बाकीच्या पाच जोड्या उद्या, कात्रीसकट.